उन्हाळ्यातला पाऊस आणि आपली परसबाग
— ऊस विकास अधिकारी



आपल्या मोसम खोऱ्यात उन्हाळ्याचा एक ठरलेला क्रम असे. होळी झाली की कांदा काढणीला यायचा, आखाजीच्या आगेमागे कुरडया-बिबड्यांचे डबे भरायचे, वैशाखात नांगरलेले शेत तापत पडायचे. रोहिणीत एखादा वळीव आला तर आला, आणि मग मृगाकडे डोळे लावून बसायचे. वळीव म्हणजे तासा-दोन तासांचा पाहुणा. तो आला म्हणून कोणी कामाची घडी बदलत नसे.

गेल्या काही वर्षांत हा क्रम मोडला आहे. एप्रिल २०२३ मध्ये आपल्या बागलाण तालुक्यात गारपीट झाली आणि कांदा, डाळिंबाचे मोठे नुकसान झाले. २०२५ चा मे महिना तर उन्हाळा म्हणावा की पावसाळा, असाच गेला. नाशिक जिल्ह्यासह राज्याच्या बऱ्याच भागात वादळी पाऊस पुन्हा पुन्हा आला. मान्सून केरळात साधारण १ जूनला पोचतो, तो २४ मे रोजीच पोचला. मुंबईत ११ जूनच्या सुमारास येणारा तो २६ मे रोजी आला. पण खरी गोष्ट पुढेच आहे. मे अखेरीस त्याची वाटचाल जी थांबली, ती जूनच्या मध्यापर्यंत. मेच्या ओलीवर भरवसा ठेवून ज्यांनी बी टाकले, त्यांच्यापुढे उघडीप येऊन उभी राहिली.

उसावर आपण दर अंकात बोलतोच. या वेळी मुद्दाम परसबाग घेतली आहे. पावसाने भाजी सडली की बाजारात भाव चढतो आणि घरातल्या बाईला रोज कालवणाचा प्रश्न पडतो, हे एक कारण. दुसरे असे की, अर्ध्या गुंठ्यात शिकलेली गोष्ट पाच एकरांत उपयोगी पडते, आणि तिथे शिकण्याचा खर्च थोडा येतो.

नामपूर गटातील एका बैठकीत एका सभासद भगिनीने विचारले, "भाऊसाहेब, पाणी द्यायचं कसं ते आम्हाला ठाऊक आहे. काढायचं कसं ते सांगा." प्रश्न नेमका आहे. आपल्या भागाची सगळी हुशारी पाणी आणण्यात गेली. विहीर, पाट, पाइपलाइन, ठिबक हे सारे आणण्याचे उपाय. मात्र आपल्याच मोसम नदीवरची जुनी फड पद्धत आठवून पाहा. बंधाऱ्यातून पाट निघाला, पाटातून चाऱ्या निघाल्या, फड भिजला, आणि उरलेले पाणी परत नदी-नाल्याला जाण्याची वाटही तिथेच ठेवलेली होती. जुन्या माणसांनी पाणी येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही वाटा एकदमच आखल्या. आजच्या लेखाचे सार एवढेच : उन्हाळ्यात पाऊस केव्हा येईल ते आपल्या हाती नाही, पण आलेल्या पाण्याला वाट ठेवणे आपल्या हाती आहे.

पहिला धडा : पाऊस डोळ्याने नको, मापाने बघा

"काल लई पाऊस झाला" यावर शेती होत नाही. ज्याचे तोंड आणि बूड सारख्या मापाचे आहे असा सरळ भिंतीचा डबा घ्या. भिंतीपासून, झाडापासून दूर, उघड्यावर विटांच्या आधाराने बसवा. रोज सकाळी साडेआठला मुलांच्या कंपासमधली पट्टी आत धरून पाणी मोजा आणि डबा रिकामा करा. आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेवर लिहा. हे काम शाळेतल्या मुला-मुलींकडे द्यावे, ती आवडीने करतात.

आता हिशेब बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे शंभर लिटर पाणी. एक इंच, म्हणजे पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला तर गुंठ्यावर अडीच हजार लिटर आणि एकरावर एक लाख लिटरच्या वर पाणी पडले. घराचे छप्पर वीस फूट बाय तीस फूट असेल तर त्या एका इंचात छपरावरून सुमारे चौदाशे लिटर पाणी खाली येते, म्हणजे दोनशे लिटरची सात पिंपे. हे सारे पाणी कुठे जाते? बहुतेक घरी ते पागोळ्यांखालून थेट परसात उतरते. परसबाग पावसाने बुडाली असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ती छपराच्या पाण्याने बुडालेली असते.

दुसरा धडा : पाण्याला वाट

आपली जमीन किती पाणी पिते ते आधी तपासा. परसात एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी तीन-चार तासांत जिरले तर जमीन निचऱ्याची आहे. रात्रभर राहिले तर तिथे सपाट वाफ्यात भाजी लावू नये, गादीवाफाच करावा. नदीकाठच्या काळ्या जमिनीत बहुधा हेच दिसेल, माळाच्या मुरमाड जमिनीत निचरा चांगला मिळेल.

गादीवाफा तीन फूट रुंद ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय पडत नाही. उंची सहा ते नऊ इंच. दोन वाफ्यांत एक फुटाची चारी ठेवून तिचा उतार परसाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्याकडे काढावा. त्या कोपऱ्यात आळू लावा, त्याला ओल मानवते. त्याच्याही पुढे तीन फूट लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा घेऊन दगड-विटांच्या तुकड्यांनी भरावा. पागोळ्यांखाली पन्हळ लावून पाणी झाकणाच्या पिंपात घेतले तर उघडिपीत तेच कामाला येईल.

लिंबू, पपई, शेवगा यांची आळी आपण उन्हाळ्यासाठी खोलगट करतो. पाऊस झाला की ती डबकी होतात. आळे खालच्या अंगाने फोडून द्या आणि बुंध्याशी मातीची भर घाला, म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही. पपईच्या बुंध्याशी पाणी साठून राहिले की बुंधा सडायला वेळ लागत नाही.

आच्छादन मात्र ऊन आणि पाऊस दोन्हींवर चालते, आणि ते आपल्याकडे फुकट आहे. तोडणीनंतरचे उसाचे पाचट तीन इंच जाडीचा थर करून वाफ्यावर पसरा, झाडाच्या खोडापासून चार बोटे दूर ठेवा. जोराच्या सरीने माती उडून खालच्या पानांना लागते आणि मातीतले रोग तिच्याबरोबर चढतात, ते पाचटाने थांबते. जमीन चोपत नाही. पाऊस पाठ फिरवून गेला तर ओलही टिकते.

तिसरा धडा : माना टाकलेले झाड

पावसानंतर दोन दिवसांनी कडक ऊन पडते आणि मिरची, वांगी, वेल भर दुपारी माना टाकतात. घरचे माणूस लगबगीने बादलीभर पाणी ओतते. इथेच थांबा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. काळी जमीन भिजून फुगली की मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि समोर पाणी असूनही त्यांना ते घेता येत नाही. झाड तहानलेले दिसते, पण असते बुडालेले. वरून आणखी पाणी दिले तर मरण ठरलेले.

म्हणून नियम असा : पाणी देण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घाला. चिखल लागला तर पाणी नको. मूठभर माती दाबून बघा. गोळा होऊन बोटाने टिचकी मारताच फुटला तर वाफसा आहे, तेव्हा हलकी खुरपणी करा. गोळा चिकट राहिला तर आत पाऊलही टाकू नका. ओल्या मातीत चालल्याने ती दबते आणि पुढे महिनाभर त्रास देते. वाफसा आल्यावर पाने पिवळी दिसत असतील तर मुरलेल्या शेणखताचा पातळ काला बुंध्यापासून दूर, थोडा थोडा द्यावा. साचलेल्या पाण्यात युरिया टाकणे म्हणजे पैसे वाहत्या पाटात सोडणे.

चौथा धडा : बी एकदम संपवू नका

वळवाच्या ओलीवर सगळे बी टाकायचे नाही. शेतातल्या खरीप पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल गेल्यावरच पेरा, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. परसात पाणी देण्याची सोय असते, त्यामुळे इतके थांबायची गरज नाही. पण बियांचे तीन हिस्से करा आणि दहा-दहा दिवसांच्या अंतराने लावा. एक हिस्सा सरीने झोडपला, एक उन्हाने गेला, तरी तिसरा ताटात येतो.

मिरची, वांगी, टोमॅटोची रोपे जमिनीत न टाकता जुन्या क्रेटमध्ये किंवा बुडाला भोके पाडलेल्या डब्यात टाकावीत. आभाळ भरून आले की उचलून पडवीत ठेवता येतात. बियाला ट्रायकोडर्मा चोळावा, किलोला पाच ग्रॅम हे माप. घरच्या मूठभर बियाला चिमूटभर पुरते. रोपे कोलमडण्याचा रोग त्याने बराच आटोक्यात राहतो. मेथी-कोथिंबिरीला सरींचा मार सोसत नाही. त्यांच्या वाफ्यावर चार काठ्या रोवून जुने लुगडे किंवा शेडनेट उतरते बांधावे. धने रगडून, दोन फाकी करूनच पेरावेत.

वेलांविषयी एक तक्रार नेहमी येते : फुले भरपूर, पण फळ धरत नाही. पावसाळी हवेत मधमाश्या फिरत नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण. मग ते काम आपण करायचे. ज्या फुलामागे बारीक फळाचा आकार असतो ते मादी फूल. नराचे ताजे फूल तोडून त्यातले पिवळे केसर मादी फुलाच्या मधोमध हलके टेकवावे. वेळ मात्र पाळली पाहिजे. गिलके, कारले, काकडी, डांगर यांची फुले सकाळी उमलतात, तर दोडका आणि दुधीची संध्याकाळी. दोडक्याला सकाळी कितीही खटपट केली तरी उपयोग नाही.

पाचवा धडा : बोर्डो मिश्रण घरच्या घरी

लिंबावरचा खैऱ्या, टोमॅटोवरचा करपा आणि पपईची बुंधासड हे ओल्या हवेचे सोबती. यांच्यासाठी एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण जुने पण भरवशाचे आहे. दहा लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना घ्या. प्लॅस्टिकच्या दोन बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवा. चुना गाळून घ्या. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत काठीने ढवळा. लोखंडाची बादली वापरू नये.

मिश्रण बरोबर झाले का, हे विळा सांगतो. स्वच्छ घासलेल्या विळ्याचे पाते मिनिटभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे राहिले आहे, तेव्हा आणखी चुन्याची निवळी घाला. थर येईनासा झाला की फवारा. त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवू नका. पाने कोरडी असताना, पुढे काही तास उघडीप दिसत असेल तेव्हाच मारा. काकडीवर्गीय कोवळ्या वेलांवर आणि खायच्या पालेभाजीवर मारू नये. ओल्या झाडांत हात घालून तोडणी करू नये, रोग हातानेच पसरतो.

सहावा धडा : घरातली कामे

कांदा : वर्षाचा पैसा चाळीत असतो, म्हणून इथे घाई नको आणि आळसही नको. आभाळ धरले असेल तर त्या दिवशी जेवढा कांदा छपराखाली नेता येईल तेवढाच उपटावा. नाळ एक ते दीड इंच ठेवून कापावी आणि सावलीत दहा-बारा दिवस वाळवावा. भिजलेला कांदा ढीग करून वर प्लॅस्टिक घट्ट बांधू नका, आतल्या वाफेने तो दोन दिवसांत तापतो. सावलीत पातळ पसरा, वारा लागू द्या. चाळीचे तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे आणि थर चार-पाच फुटांच्या वर जाऊ देऊ नये. सर्वांत महत्त्वाचे, भिजलेला आणि कोरडा माल कधीही एका चाळीत भरू नका. भिजलेला निवडून आधी विकावा, तो ठेवणीचा राहिलेला नसतो. चार क्विंटलच्या लोभाने चाळ बसल्यावर वर्षाचे गणित बसते, ते लग्नकार्य आणि शाळेच्या फीपर्यंत जाऊन पोचते.

वाळवण : कुरडयांचा चीक एकदम मोठा घालू नये, दोन वेळा थोडा थोडा घालावा. ऊन गेले तर घरात खाटेवर कापड टाकून पंख्याखाली सुकवा आणि पुढे ऊन मिळताच कडक करा. मोडताना टच्‌ आवाज आला तरच डब्यात. बुरशी धरलेला पापड वरून पुसून खाऊ नये, टाकून द्यावा.

जनावरे : भिजलेला कडबा गंजीत रचू नका. पावसाने ज्वारीच्या धसकटांना कोवळे हिरवे फुटवे येतात. उन्हाळ्यात हिरवे दिसले की जनावर तिकडे धावते, पण त्या कोवळ्या फुटव्यांत विष असते. किरळ लागून धडधाकट गाय थोड्या वेळात आडवी होते. अशा रानात जनावर सोडू नये. खाल्ल्याचा संशय आला तर डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे.

पाणी आणि डास : पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरते. पिण्याचे पाणी उकळून किंवा मेडिक्लोर टाकून घ्या. कूलर, पिंप, रांजण, परसातले डबे आठवड्यातून एक दिवस पूर्ण कोरडे करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो. आपला पाऊस मोजण्याचा डबासुद्धा रोज रिकामा व्हायला हवा.

वीज : वळवाच्या पावसात विजा जास्त असतात. गडगडाट ऐकू आला की काम टाकून पक्क्या घरात जावे. झाडाखाली थांबू नये, जनावरेही झाडाला बांधू नयेत. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप जवळपासच्या विजेची सूचना देते. घरातल्या एका तरी मोबाइलवर ते घ्यावे.

सातवा धडा : परसातून उसात

आता हेच सारे उसाला लावून बघा. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस मे महिन्यात फुटव्यावर असतो. सरीत पाणी तुंबले तर फुटवे पिवळे पडतात. सरीचे खालचे तोंड मोकळे करून पाणी चारीत काढून द्या. खत वाफसा आल्यावरच, मातीआड. पाऊस झाला म्हणून बांधणी लांबणीवर टाकू नका, वाफसा मिळताच उरका. शेंड्याची कोवळी पाने बुडाशी पांढुरकी-पिवळी, सुरकुतलेली, पिळवटलेली दिसली तर तो पोक्का बोइंग रोग समजावा आणि औषधाचे माप गट ऑफिसातून विचारून घ्यावे.

हुमणीचे मात्र एकट्याचे काम नाही. पहिल्या चांगल्या वळवानंतर जमिनीतले भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात. उन्हाळ्यात पाऊस लवकर आला की तेही लवकर निघतात. त्यांच्यातली एक मादी पन्नासच्या आसपास अंडी घालते, हा हिशेब मनात धरा. पावसाच्या दिवशी अंधार पडल्यावर झाडाखाली कापड अंथरून फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेल किंवा डिझेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. एका मळ्याने केले आणि शेजारच्याने नाही, तर फायदा निम्मा. गल्लीने, वस्तीने मिळून चार संध्याकाळी द्याव्यात.

पाऊस उघडल्यावर काय करावे

पहिला दिवस : डबा मोजा, चाऱ्या मोकळ्या करा, आळी फोडा, चाळीचे छप्पर पाहा. वाफ्यात पाय घालू नका.

दुसरा दिवस : सडकी पाने-फळे काढून परसाबाहेर पुरा. पिंपे-कूलर बघा. संध्याकाळी भुंगेरे गोळा करा.

तिसरा-चौथा दिवस : मुठीने वाफसा तपासा. वाफसा असेल तर खुरपणी, भर, पाचट. कोरड्या पानांवर बोर्डो.

पाचव्या दिवसानंतर : बोट घालून बघा, ओल सरली असेल तरच पाणी.

हा कागद स्वयंपाकघरात डकवून ठेवावा, कारण परसबाग बहुतेक घरी भगिनींच्याच हाती असते. परसातला खड्डा या आठवड्यातच घेऊन बघा. पाणी रात्रभर राहिले तर शेजारच्या उसाच्या प्लॉटचीही चारी उकरायला लागा. निचऱ्याचा उतार कसा काढावा हे न उमगल्यास आपल्या शेतकी मदतनिसाला सांगा. तो जागेवर येऊन आखून देईल.